विज्ञानपटातलं एका पालकाचं घर: कसं पाहावं, काय टिपावं

विज्ञानपटातल्या कुटुंबांवर लिहायला बसलं की आधी यादी सुरू होते. इथे आई एकटी, तिथे बाप विधुर, तिसरीकडे यंत्रमानवच पालक. एवढ्यावर लेख उभा राहत नाही. घरात माणसं किती हे बाजूला ठेवून दोन गोष्टी शोधा: मुलाचं रोजचं कोण करतं, आणि नसलेल्या पालकाची जागा भरल्याशिवाय सिनेमाला चैन पडतं का. खालची सगळी पद्धत या दोन प्रश्नांवर बेतलेली आहे. ओघात काही सिनेमांचे शेवट उघड होतील.

निवड

चार सिनेमे पुरेत. सहाच्या वर गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. चारांत एक एकटी आई, एक एकटा बाप आणि एक रक्ताच्या नात्यापलीकडचं घर असावं. चौथा सिनेमा यांपैकी एकाशी थेट ताडून पाहता येईल असा निवडा. उदाहरणार्थ ‘ई.टी.’ (१९८२), ‘इंटरस्टेलर’ (२०१४), ‘आफ्टर यांग’ (२०२१) आणि ‘कोई... मिल गया’ (२००३). पहिल्या आणि शेवटच्या सिनेमात मुलाला परग्रहवासी मित्र मिळतो आणि दोन्हींत आई एकटी आहे. पण एकात नवरा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेलाय, दुसऱ्यात तो अपघातात गेलाय. एवढ्या एका फरकाने आईच्या वाट्याला येणारे प्रसंग कसे बदलतात, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं.

कोणती आवृत्ती पाहताय तेही आधीच नोंदवा, कारण तिथेच अनेकांचं विश्लेषण घसरतं. ‘एलियन्स’ (१९८६) चित्रपटगृहात आला तो १३७ मिनिटांचा होता. नंतरची विस्तारित आवृत्ती १५४ मिनिटांची आहे. त्या वाढीव भागात नायिका रिप्लीला तिच्या मुलीची बातमी कळते. रिप्ली ५७ वर्षं अंतराळात झोपेत तरंगत होती. तेवढ्या काळात मुलगी म्हातारी झाली आणि वयाच्या ६६व्या वर्षी वारली. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन, असा शब्द रिप्लीने तिला दिला होता. हा सीन पाहिला की न्यूट या अनाथ मुलीला वाचवण्याची तिची धडपड म्हणजे एक हुकलेलं आईपण पुन्हा मिळवणं वाटतं. मूळ आवृत्तीत हा सीनच नाही. तिथे समोर एक एकटी बाई आहे, आणि एका अनाथ मुलीची जबाबदारी ती कुठलंही जुनं देणं फेडायचं नसताना स्वतःहून घेते. माझ्या मते कुटुंबाच्या दृष्टीने मूळ आवृत्तीच अधिक धाडसी आहे. तुमचं मत उलट असू शकेल, पण कोणत्या आवृत्तीवरून ते बनलं हे लेखात आलंच पाहिजे.

नोंदवही

पहिल्यांदा सिनेमा सलग पाहा, हातात पेन नको. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पाहा. दोन तासांच्या सिनेमाला चार तास सहज जातात. पानावर पाच रकाने आखा: वेळ, मुलासोबत कोण आहे, कोण काय काम करतंय, बाहेरची सत्ता (पोलीस, शाळा, कंपनी, सरकारी माणूस), आणि नसलेल्या पालकाचा उल्लेख. वेळेशेजारी सीनमधला पहिला संवादही लिहा. पाल (PAL) या टीव्ही-चित्र पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने पळतो, म्हणजे सुमारे ४ टक्के लवकर संपतो. दोन तासांच्या सिनेमात पावणेपाच मिनिटांचा फरक पडतो आणि तुमचे आकडे दुसऱ्याच्या प्रतीशी जुळत नाहीत.

सगळ्यात जास्त माल कामाच्या रकान्यात सापडतो. ‘ई.टी.’मध्ये आई सामानाच्या पिशव्या घेऊन घरी येते, फ्रिजचं दार उघडते, ते दार परग्रहवासीला लागून तो आडवा होतो आणि तिला पत्ताही लागत नाही. धाकटी मुलगी ओळख करून द्यायला बघतेय, आईचं लक्ष नाही. प्रेक्षक हसतात, सीन पुढे सरकतो. पण नोंदवहीत हा सीन असा उतरतो: बाहेरून आलेली बाई, लगेच स्वयंपाकघर, मुलांकडे बघायलाही फुरसत नाही. कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवलाय आणि बाकीच्या मोठ्यांचे चेहरे बराच वेळ दिसत नाहीत. आईचा चेहरा मात्र दिसतो. म्हणजे दिग्दर्शक तिला परक्या मोठ्या माणसांत धरत नाही, तिचं दमलेपण मुलांच्या जगातच ठेवतो.

‘इंटरस्टेलर’मध्ये हाच रकाना वेगळंच सांगतो. बाप अंतराळात जातो, आणि मुलांना सांभाळतो तो त्यांच्या आईचा बाप, डोनाल्ड. बापलेकीच्या ताटातुटीवर सिनेमा भरभरून वेळ देतो. आजोबांचं जाणं मात्र मुलाच्या व्हिडिओ संदेशातून ओझरतं कळतं. नुसती मुख्य पात्रं बघत राहिलात तर हा माणूस नजरेतून सुटतो.

पालक का नाही?

कारण नेमकं लिहा: मृत्यू, घटस्फोट, सोडून जाणं, नोकरी किंवा मोहीम, की कारण दिलेलंच नाही. मेलेला पालक पटकथेला सोयीचा असतो. भांडण नाही, दोष नाही, उरलेल्या पालकाला सहानुभूती आयती मिळते. ‘साइन्स’मधली (Signs, २००२) बायको रस्त्यावरच्या अपघातात गेली, ‘इंटरस्टेलर’मधल्या बायकोच्या मेंदूतली गाठ वेळेत सापडली नाही, कारण एमआरआय यंत्रं उरलीच नव्हती. घटस्फोटित बापाला मात्र परीक्षा द्यावी लागते. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये (२००५) रे नावाचा असा बाप मुलीला पीनट बटर लावलेला ब्रेड देतो, आणि तिला त्याची जन्मापासून ॲलर्जी आहे हे त्याला त्याच क्षणी कळतं. तो वाईट आहे असं कोणी बोलून दाखवत नाही, ब्रेडचा तुकडाच ते सांगतो. शेवटी तो मुलांना त्यांच्या आईपर्यंत पोहोचवतो आणि स्वतः घराबाहेर रस्त्यावर उभा राहतो. कुटुंब पुन्हा जोडल्याचा देखावा सिनेमा करत नाही.

यंत्र पालक असेल तेव्हा

यंत्राचे गुण कोण मोजतं ते पाहा. ‘टर्मिनेटर २’मध्ये (१९९१) वाळवंटातल्या थांब्यावर सारा दुरून आपला मुलगा आणि यंत्र यांच्याकडे बघते. बापाच्या जागेवर आलेल्या सगळ्यांत हे यंत्रच खरं उतरलं, असं तिच्या मनात येतं: ते सोडून जाणार नाही, मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. ही यंत्राची स्तुती कमी आणि आधीच्या पुरुषांवरचा आरोप जास्त आहे. ‘आफ्टर यांग’मध्ये चित्र उलटं आहे. दत्तक मुलीला तिच्या चिनी वारशाची ओळख व्हावी म्हणून आईवडिलांनी यांग हा यंत्रमानव विकत आणलेला असतो. तो बंद पडल्यावर, आपण त्याच्यावर किती सोपवून मोकळे झालो होतो, हे त्यांना उमगतं. दोन्ही सिनेमांत यंत्राने केलेली कामं वेगळी मोजा. रक्षण आणि संगोपन एकाच खात्यात टाकलंत की तुलना फसते.

शेवट

जागा भरली, रिकामीच राहून घर चालू राहिलं, की घराची व्याख्याच बदलली, ते ठरवा. ‘लिलो अँड स्टिच’मध्ये (२००२) मोठी बहीणच पालक आहे आणि समाजसेवक मुलीला घेऊन जाण्याची टांगती तलवार सतत असते, शेवटी बहीण पालक राहते आणि घरात माणसं वाढतात. ‘ई.टी.’च्या शेवटी सरकारी माणूस आईच्या जवळ उभा दिसतो, आणि अनेकजण त्याला भावी बाप ठरवून टाकतात. सिनेमा तसं म्हणत नाही. पडद्यावर आहे तेवढंच लिहा.

आणखी एक चाचणी प्रत्येक सिनेमाला लावा: दुसरा पालक घरात असता तर कथा अडली असती का? मुलांना मोकळं सोडायचं म्हणून पुष्कळदा एक पालक आधीच काढून टाकलेला असतो. तसं असेल तर सरळ पटकथेची सोय म्हणा, त्यातून खोल प्रतीक काढू नका.

हेच मुलांच्या गटासमोर घेणार असाल तर पूर्ण सिनेमा दाखवल्यानंतर एकच सीन पुन्हा लावा, पाच मिनिटांच्या आतला. फ्रिजचा सीन उत्तम चालतो. प्रश्न पात्रांबद्दलच ठेवा: आईचं लक्ष का नाही, धाकटीला काय वाटलं असेल, या घरात कोण काय करतं. ‘तुमच्या घरी कसं असतं?’ हे विचारू नका. एका पालकाबरोबर राहणारं मूल त्या गटात असेलच असं धरून चाला. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर ते बोलेल.