मिल स्केल घातलेल्या विटांचा काळा गाभा कसा घालवला

तापलेले लोखंड लाटताना त्यावरून सुटणारी काळी खवली, म्हणजेच मिल स्केल, मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमधून आणून विटांच्या मातीत शेकडा 5 या प्रमाणात मिसळली, तेव्हा विटा बाहेरून लालभडक निघाल्या. मात्र फोडल्यावर आत कोळशासारखा काळा गाभा दिसला आणि काही विटा चक्क फुगल्या होत्या.

उरलेली खवली चोळून पाहिली, तर बोटांना तेलाचा ओशटपणा लागला आणि दोष उमगला. हे तेल भाजणीत विटेच्या आतला ऑक्सिजन खाऊन टाकते, त्यामुळे लोह फेरस, म्हणजे कमी ऑक्सिजनच्या काळपट रूपात राहते. ते मातीला लवकर वितळवून छिद्रे बुजवते आणि कोंडलेल्या वायूने वीट फुगते.

आता मी खवली आधी उघड्यावर भाजून तेल घालवतो, मग बारीक दळून चाळतो. त्याहून मोलाचा बदल आचेचा ठरला: 600 ते 850 अंशांदरम्यान भट्टी अगदी सावकाश चढवतो आणि हवेचे झरोके उघडे ठेवतो. पुढच्या भाजणीतली वीट गाभ्यापर्यंत लाल निघाली, आणि 24 तास पाण्यात ठेवल्यावर तिने वजनाच्या 20 टक्क्यांहून कमी पाणी शोषले.

प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांतला गाळ मात्र मी कधीच घेत नाही, कारण त्यातले क्रोमियम भाजणीत अधिक विषारी रूप घेऊ शकते.