ईव्हीएमला ओके देणारा एक्सपर्ट कोण, हे कसं तपासायचं

ईव्हीएमवरून वाद पेटला की दोन्हीकडून "एक्सपर्टनी सांगितलंय" हे येतंच, पण तो एक्सपर्ट कोण, त्याला नेमलं कुणी, त्याने मशीन कितपत उघडून बघितलं हे फारसं कुणी विचारत नाही. रिपोर्ट हातात आला की मी निष्कर्ष शेवटी वाचते, आधी हे शोधते.

पहिल्यांदा नावं काढा. ईव्हीएम तपासणाऱ्या 1990 च्या समितीचे अध्यक्ष प्रा. एस. संपत होते, सोबत प्रा. पी. व्ही. इंदिरेसन आणि डॉ. सी. राव कासरबाडा. 2006 मध्ये रिपोर्ट देणाऱ्या समितीचे अध्यक्ष इंदिरेसनच, आणि सदस्य आयआयटी दिल्लीचे डी. टी. शहानी आणि ए. के. अगरवाला. माणसं विद्वान, त्यात वादच नाही, पण आधी पास करणाऱ्यालाच पुढच्या तपासणीचं प्रमुख केलं की नवी नजर मिळत नाही असं मला मनापासून वाटतं.

मग विषय बघा. नुसतं प्रोफेसर असून भागत नाही. मशीन नीट चालतंय का हे बघणारा वेगळा आणि ते फसवायचं कसं हे शोधणारा वेगळा, समितीत दुसऱ्या प्रकारचा माणूस हवाच, तेव्हा गूगल स्कॉलर या संशोधन पेपर शोधायच्या साइटवर जाऊन त्याचे पेपर सिक्युरिटीवर आहेत का ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना काय दाखवलं? 2010 मध्ये कॉम्प्युटर सिक्युरिटीचे अभ्यासक हरी प्रसाद, अ‍ॅलेक्स हाल्डरमन वगैरेंनी भारतीय मशीनवर पेपर लिहिला त्यात नेमका हाच आक्षेप होता, की 2006 च्या समितीला सोर्स कोड, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, मिळालाच नाही, प्रेझेंटेशन आणि डेमोवर काम झालं. म्हणून रिपोर्टमध्ये "तपासलं" लिहिलेलं दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा आणि बाजूला लिहा, कोड वाचून की डेमो बघून?

आता स्वतंत्रपणा. मशीन बनवतात बीईएल आणि ईसीआयएल, दोन्ही सरकारी कंपन्या, टेस्टिंग करणारी एसटीक्यूसी ही संस्थाही आयटी मंत्रालयाखाली. सुप्रीम कोर्टाने 26 एप्रिल 2024 ला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला 5 टक्के मशीनचे मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम असलेली आतली चिप) तपासून घ्यायची सोय दिली ती चांगलीच, पण तपासणारे कंपनीचेच इंजिनिअर. अमेरिकेतही लॅबचे पैसे मशीन विकणारी कंपनीच देते, पण तिथे टेस्ट रिपोर्ट वेबसाइटवर वाचायला मिळतात, आणि 2007 मध्ये सायबर नावाच्या लॅबला नव्या मशीन तपासायला तात्पुरती बंदी आल्याचं बाहेर आलं, कारण सगळ्या टेस्ट केल्याची कागदपत्रंच तिला दाखवता आली नव्हती.

नेटवर उत्तर नाही मिळालं तर निवडणूक आयोगाकडे आरटीआय टाका, फी 10 रुपये. "मशीन सुरक्षित आहे का?" असं विचारू नका, आरटीआयमध्ये अभिप्राय मागता येत नाही म्हणून अर्ज परत येईल. असं लिहा: "तांत्रिक तज्ज्ञ समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत, सदस्यांना दिलेल्या मानधनाचा तपशील, सदस्यांनी हितसंबंधांबाबत दिलेल्या लेखी घोषणापत्रांच्या प्रती आणि समितीला सोर्स कोड उपलब्ध करून दिल्याची नोंद द्यावी." प्रत्येक मुद्द्याला वेगळा नंबर टाका, म्हणजे एकाला नकार आला तरी बाकीच्यांची उत्तरं अडकत नाहीत. सोर्स कोडची प्रत मात्र मागू नका, व्यावसायिक गोपनीयता सांगून नाकारतील. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला फी नाही.