ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन मॅन्युअल गाडीत कसं बसवावं

जुलैत तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली, एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. गोव्यात माझ्याकडे इंजिन बदलायला आलेल्या बऱ्याच गाड्यांची कथा हीच आहे. मग वापरलेल्या इंजिनाचा शोध सुरू होतो आणि ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन स्वस्तात मिळतं, कारण त्याला गिऱ्हाईक कमी. विकणारा सांगतो, ‘इंजिन तेच आहे, उतरवा आणि चढवा.’ इंजिन बऱ्याचदा तेच असतंही. वेगळं असतं ते क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं टोक, आणि तिथेच गाड्या बिघडताना मी पाहिल्या आहेत.

आधी दाता गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन आलं ती, कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे ते बघा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण गिअर यंत्राने बदलणारा) गाड्या रुळल्या. त्यांच्यात क्लच आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) असतंच, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. असं इंजिन मिळालं तर यांत्रिक बाजूची काळजी जवळजवळ संपली. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) गाडीचं इंजिन असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

कागद अगोदर. इंजिन क्रमांक आरसीवर असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, जिथे तुमची गाडी नोंदलेली आहे त्या कार्यालयात इंजिन विकत घेण्यापूर्वीच विचारा. विक्रीची पावती नसलेलं किंवा क्रमांक घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका.

तुमच्या गाडीचं जुनं इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवून चेन कप्पीने बाहेर काढा. नवं, म्हणजे विकत आणलेलं, त्याच्या शेजारी ठेवा. दोघांची मागची बाजू तुमच्याकडे असू द्या.

आता नव्या इंजिनाची फ्लेक्सप्लेट काढा. ही दोन-तीन मिलिमीटर जाडीची पत्र्याची चकती असते. तिचं काम कन्व्हर्टर फिरवायचं आणि स्टार्टरला दाते पुरवायचं, एवढंच. तिच्यासोबत वॉशरसारखी जाड चकती असेल तर तीही काढा. जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील, डॉवेल पिना (दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) आणि इंजिन-गिअरबॉक्समधला पातळ पत्रा हे सगळं नव्याकडे न्यायचं आहे.

फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका. पत्रा पातळ म्हणून ते बहुधा आखूड असतात. जाड फ्लायव्हीलमधून गेल्यावर क्रँकमध्ये जेमतेम तीन-चार आटे पकडतात. आवळताना घट्ट लागतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. बोल्टची जितकी जाडी, निदान तितके खोल आटे धरलेच पाहिजेत. मॅन्युअलचे नवे बोल्ट घ्या आणि टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. काही इंजिनांत त्यांची भोकं आत तेलापर्यंत जातात. तिथे आट्यांना सीलंट लावा. त्याआधी क्रँकचं मागचं ऑइल सील बदला. पुन्हा एवढं उघडायचा खर्च सीलच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

आणि आता पायलट बेअरिंग. कोणी म्हणालं ‘नसलं तरी चालतं’, तर त्या माणसाकडे गाडी देऊ नका. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचं) टोक बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या मधल्या भोकात, एका छोट्या बेअरिंगवर टेकतं. ऑटोमॅटिकला ते लागत नाही. तिथे कन्व्हर्टरचा मधला भाग बसतो. म्हणून कारखान्यातूनच ते भोक रिकामं येतं. तुमच्या गाडीला बेअरिंग लागतं का, हे शाफ्टच सांगतो: दात्यांच्या पुढे गुळगुळीत, कातलेलं नाक असेल तर ते कशावर तरी टेकायला बनवलेलं आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या अनेक गाड्यांत ते नसतं. पण अंदाजावर जाऊ नका, जुन्या इंजिनात बघा. बेअरिंग क्रँकऐवजी फ्लायव्हीलमध्येही असू शकतं.

मी हे एकदा विसरलो. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी होती. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं, म्हापशाच्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या, मालक खूश. तिसऱ्या आठवड्यात चोर्ला घाटात क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडेना. गिअरबॉक्स उतरवला तर इनपुट शाफ्ट हाताने डुलत होता आणि त्याचं पुढचं बेअरिंग संपलं होतं. टोकाला आधार नाही, म्हणून क्लच प्लेट तिरकी फिरत होती आणि क्लच सुटतच नव्हता. गिअरबॉक्सचा खर्च मी भरला. तेव्हापासून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घेतल्याशिवाय मी फ्लायव्हील चढवत नाही.

दोन्ही क्रँकची भोकं मोजा. माप सारखं असेल तर नवं बेअरिंग फक्त बाहेरच्या कड्यावर गोटी (पान्याचं सॉकेट) टेकवून हळू ठोका. जुनं वापरायचा मोह टाळा. ते काढायलाच भोकात ग्रीस ठासून, बरोबर मापाचा दांडा हातोडीने मारावा लागतो, ग्रीस मागून त्याला ढकलतं. नव्या क्रँकचं भोक मोठं असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळी नव्हे, ब्राँझचा बुश कातून घ्या: क्रँकमध्ये घट्ट, शाफ्टवर बोटाने फिरेल पण डुलणार नाही असा. भोक लहान किंवा अर्धवट कातलेलं असेल तर क्रँक मशीनशॉपला न्यावा लागेल. इथे कोणी मेस्त (मेकॅनिक) शाफ्टचं नाक कापायचा सल्ला देईल. कापू नका, गिअरबॉक्सचं आयुष्य तिथेच कापलं जातं.

मग फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसा. आपल्या दमट हवेत उघडं फ्लायव्हील रात्रभर ठेवलं तर सकाळी गंज धरतं, तेव्हा क्लच त्याच दिवशी चढवा. क्लच प्लेटची बाजू बघून, अलाइनमेंट दांड्याने मधोमध ठेवून प्रेशर प्लेट आवळा.

गिअरबॉक्स शेवटचा बोटभर हाताने सरकला पाहिजे. बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नका, ॲल्युमिनियमचे कान तुटतात. सरकत नसेल तर बाहेर काढा आणि कारण शोधा. त्याचं वजन शाफ्टवर लटकत ठेवू नका, खाली जॅक असू द्या.

वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि किल्ली मॅन्युअल गाडीचीच ठेवा. ऑटोमॅटिकचा ईसीयू गिअरबॉक्सच्या संदेशाची वाट बघत बसतो आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) तुमची किल्ली ओळखत नाही. ज्या इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलचे दाते वाचतो, तिथे सेन्सरही जुनाच लावा. माउंटिंगचे ब्रॅकेट, स्टार्टर आणि रेडिएटर तुमच्या मॅन्युअल गाडीचेच.

सुरू केल्यावर न्यूट्रलमध्ये पेडल हळूहळू दाबा. पाय टेकताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं) खराब. पेडल पूर्ण खाली, गाडी उभी, पहिला गिअर टाकलेला, आणि तेव्हाच किरकिर येत असेल तर पायलट बेअरिंग खराब, कारण तेव्हा क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो. अशी किरकिर ऐकली तर गाडी घाटात नेऊ नका, त्याच संध्याकाळी गिअरबॉक्स उतरवा.