किटमधील लागर आणि एल यीस्ट : पाकीट वाचून तापमान ठरवण्याची रीत

घरी बिअर बनवण्याच्या किटमध्ये सहसा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घातलेल्या घट्ट माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) अर्काचा १.७ किलोचा डबा असतो आणि त्याच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली यीस्टचे पाच ते सात ग्रॅमचे पाकीट ठेवलेले असते. डब्यावर ठळक अक्षरांत ‘लागर’ (थंडीत आंबवलेली बिअर) छापलेले आहे म्हणून आत लागर यीस्टच असेल, असे गृहीत धरू नये. लागर म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच किटमध्ये प्रत्यक्षात एलचे, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरचे, यीस्ट दिलेले असते, कारण बहुतेक घरांत तीन आठवडे १२ अंश सेल्सियस तापमान राखण्याची सोय नसते आणि एल यीस्ट खोलीच्या तापमानातही बिनतक्रार काम करते. हे गैर नाही. मात्र आपल्या हातात कोणते यीस्ट आहे हे कळल्याशिवाय बिअर आंबवण्याचे पिंप कुठे ठेवायचे हे ठरवता येत नाही, आणि चव बिघडण्याची बहुतेक कारणे येथूनच सुरू होतात.

प्रथम कायद्याविषयी. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे पुढील मार्गदर्शन जिथे घरगुती बिअरला मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, आणि अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला करातून सूट मिळाली. ऑस्ट्रेलियातही स्वतःपुरती बिअर घरी बनवता येते.

पाकिटावर यीस्टचा प्रकार लिहिलेला नसेल तर सूचनापत्रकातील तापमान पाहावे. तेथे १८ ते २५ अंशांच्या आसपासचा आकडा असेल, तर ते जवळजवळ निश्चितपणे एल यीस्ट आहे. १० ते १५ अंश सांगितले असतील, तर लागर. पाकिटावरील मुदतही त्याच वेळी पाहून घ्यावी. डबा दुकानात महिनोन्‌महिने उन्हाळ्याच्या उष्म्यात राहिला असेल, तर मुदत शिल्लक असूनही यीस्टचा जोर कमी झालेला असतो. अशा वेळी फ्रिजमध्ये साठवलेले ११.५ ग्रॅमचे स्वतंत्र पाकीट विकत घेणे हा किटमध्ये करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे, असे माझे ठाम मत आहे.

या दोन यीस्टमधील फरक मुळापासूनचा आहे. एल यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, पाव फुगवणारे यीस्ट ज्या जातीचे तीच जात. लागर यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरिआनस, हा त्याच जातीचा थंडी सोसणाऱ्या दुसऱ्या एका जंगली जातीशी झालेला संकर आहे. ही जंगली जात दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलांत सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतील बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदी घातली गेली. काम हिवाळ्यापुरते मर्यादित झाल्याने थंडीत टिकणाऱ्या यीस्टला आपोआप प्राधान्य मिळत गेले. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हानसेन यांनी लागर यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला. थंडीत हे यीस्ट फळांचा सुवास देणारी एस्टर संयुगे कमी निर्माण करते, म्हणून बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स स्वच्छपणे जाणवतात. एल यीस्टला ऊब हवी असते, पण ती प्रमाणाबाहेर गेली की पिकल्या केळ्यासारखा वास आणि घशाला चटका देणारी जड अल्कोहोल तयार होतात.

म्हणून किट उघडण्यापूर्वी आपल्याला कोणते तापमान खरोखर राखता येईल हे तपासावे. येथे खोलीचे तापमान पाहणे पुरेसे नाही. किण्वनातून (आंबण्याच्या क्रियेतून) उष्णता निर्माण होते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पिंपातील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतो, त्यामुळे तापमानाची चिकटपट्टी पिंपालाच लावून तिच्यावरचा आकडा ग्राह्य धरावा. घरात द्रव १८ ते २० अंशांवर राहत असेल, तर एल यीस्ट वापरावे. शीतकरणाची सोय नसताना लागरच्या जवळची चव हवी असेल, तर सेफएल यूएस-०५ सारखे निर्मळ एल यीस्ट १८ अंशांवर, किंवा नॉटिंगहॅम यीस्ट १४-१५ अंशांवर चालवावे. नाइलाजाने लागर यीस्ट २३ अंशांवर ढकलण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. मेलबर्नसारख्या ठिकाणी जून-जुलैत न तापवलेल्या गॅरेजमध्ये लागर यीस्टला मानवणारा गारवा सहज मिळतो, मात्र रात्री पारा फार उतरला तर पिंपाभोवती जुनी रजई गुंडाळावी लागते. ऐन उन्हाळ्यात द्रव ३० अंशांच्या वर जात असेल, तर नॉर्वेच्या शेतघरांतून आलेले क्वाइक यीस्ट घ्यावे, ज्याला ३५ अंशही मानवतात. वर्षभर खरी लागर करायची असेल, तर जुना फ्रिज आणि त्याला जोडलेला बाह्य तापमान-नियंत्रक याला पर्याय नाही.

डब्यातील अर्क उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात थंड पाणी घालत २३ लिटरपर्यंत आणणे आणि द्रवाच्या संपर्कात येणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करणे हे सूचनापत्रकात असतेच. त्यात एक किलो साखर सांगितली असेल, तर निदान अर्धी साखर वगळून तेवढी कोरडी माल्ट पावडर घालावी.

यीस्टच्या प्रमाणाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. एल यीस्टसाठी उत्पादक साधारणपणे शंभर लिटरला ५० ते ८० ग्रॅम सुचवतात, म्हणजे २३ लिटरसाठी ११.५ ग्रॅमचे एक पाकीट पुरते. सेफलागर डब्ल्यू-३४/७० सारख्या लागर यीस्टसाठी, थंड सुरुवात करायची असल्यास, हेच प्रमाण ८० ते १२० ग्रॅम आहे, म्हणजे दोन पाकिटे. थंडीच्या दिवसांत दही लावताना विरजण थोडे अधिक घालतात, तोच हिशेब येथे लागू होतो. किटमधील सात ग्रॅमच्या एकाच लागर पाकिटावर १२ अंशांवर विसंबल्यास किण्वन सुरू होण्यास अतोनात वेळ लागतो आणि त्या अवधीत इतर जंतूंना रान मोकळे मिळते.

लागर यीस्ट घातल्यावर एक-दोन दिवस एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेत) हालचाल दिसली नाही तरी थांबावे. पुढे कुजक्या अंड्यासारखा वास आला तरी तो गंधकाचा आहे आणि साठवणीत विरतो. त्या भीतीने बिअर ओतून देऊ नये. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) वाचन, समजा, १.०४२ वरून १.०१८ च्या आसपास आले, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश काम झाले, की तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. किण्वनात डायअॅसिटिल नावाचे संयुग तयार होते, त्याला लोण्यासारखा वास असतो आणि ऊब मिळाल्यावर यीस्टच ते परत शोषून घेते. ते गेले की नाही याची खात्री घरी करता येते : थोडा नमुना झाकलेल्या पेल्यात घेऊन तो पेला साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावा, मग गार करून हुंगावा. लोण्याचा वास आला तर यीस्टला आणखी दोन दिवस द्यावेत. एल यीस्टच्या बाबतीत एवढी तयारी लागत नाही. शेवटचे दोन-तीन दिवस तापमान घसरू दिले नाही म्हणजे झाले.

सलग तीन दिवस हायड्रोमीटरचे वाचन बदलले नाही की किण्वन संपले असे समजावे. एअरलॉकमधील बुडबुडे थांबणे हा पुरावा मानू नये, कारण अपुऱ्या किण्वनावर भरलेल्या बाटल्या फुटतात आणि काचेने गंभीर इजा होते. लागर यानंतर ० ते ४ अंशांवर तीन-चार आठवडे ठेवावी. यीस्ट तळाशी बसते आणि गंधकाचा वास निघून जातो. एललाही दोन-चार दिवसांचा गारवा दिल्यास ती अधिक नितळ होते.

बाटलीत भरताना लिटरला सुमारे आठ ग्रॅम साखर पुरेशी आहे. लागर ठरल्यापेक्षा आणखी आठवडाभर थंडीत राहिली म्हणून त्यातील सगळे यीस्ट संपत नाही, वायू तयार करण्यापुरते ते शिल्लक असते. फक्त भरलेल्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये न ठेवता दोन आठवडे १८ ते २० अंशांच्या जागी, उजेडापासून दूर ठेवाव्यात आणि त्यानंतरच गार कराव्यात.