सोया दुधाचं प्रोबायोटिक दही: घट्ट झालं म्हणजे झालं असं नाही

सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं काढा, उकळत्या पाण्यात वाटा आणि गाळा. १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीनला साधारण ७५० मिली पाणी लागतं. वाटताना पाणी गरमच हवं. गार पाण्यात वाटलं की दाण्यातलं लिपॉक्सिजनेज हे एन्झाइम कामाला लागतं आणि दुधाला कच्चट, हिरवट वास येतो. तो वास नंतर सहजासहजी जात नाही.

दूध मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळा. फेस वर आला म्हणजे उकळी फुटली असं समजू नका; सोया दूध उकळण्याआधीच फसफसतं.

आच बंद केल्यावर लगेच लिटरमागे २० ग्रॅम इन्युलिन (पाण्यात विरघळणारं फायबर) आणि दोन चमचे साखर ढवळून विरघळवा. तयार दह्यावर भुरभुरलेलं इन्युलिन गुठळ्या धरतं. इन्युलिनमुळे दही लवकर लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते विसरा. विरजणातल्या बहुतेक जिवाणूंना ते पचतच नाही. ते आहे तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी. विरजणाची सोय साखर करते, कारण सोयात लॅक्टोज नसतं.

दूध ४० अंशांवर आलं की विरजण घाला. नुसतं बिफिडोबॅक्टेरियम (यातला प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपकारक मानला जाणारा जिवाणू) सोयात रेंगाळतं. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या योगर्टच्या विरजणातल्या जिवाणूसोबत ते वापरा. झाका आणि भांडं त्याच तापमानाला ठेवा.

आता खरी मेख. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं. गाईचं दूध पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट) ४.६ च्या आसपास नीट लागतं, म्हणजे घट्टपणा आणि आंबटपणा बरोबरीने येतात. सोयाची प्रथिनं मात्र पीएच साडेपाचच्या वर असतानाच धरायला लागतात. भांडं कलंडलं तरी दही हलत नाही, पण चव जवळजवळ गोडच असते. इथे ते फ्रीजमध्ये टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. आंबटपणा पुरेसा नसल्यामुळे नको त्या जिवाणूंना वाव राहतो आणि प्रोबायोटिकची वाढही अर्धवट राहते.

म्हणून पीएच मोजा. ० ते १४ दाखवणाऱ्या पट्ट्या इथे कुचकामी आहेत. ४ ते ७ मधले बारीक फरक दाखवणाऱ्या घ्या. चार तासांनंतर दर तासाला कडेचं थोडं दही काढून बघा, मधोमध चमचा खुपसू नका. ४.६ च्या खाली आलं की थांबा. ४.४ ला मी डोळे मिटून थांबते. विरजण आणि उबेप्रमाणे याला सहा ते दहा तास लागतात. "रात्रभर ठेवा, सकाळी तयार" हा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. जास्त वेळ राहिलं की प्रथिनं आकसतात, पाणी सुटतं आणि दह्याचा रवाळ चुरा होतो. फेटून तो लपतो, सुधरत नाही.

किंचित व्हिनेगरसारखा वास आला तर घाबरू नका. बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिक आम्लाबरोबर अॅसेटिक आम्लही बनवतं. रंगीत बुरशी किंवा तार दिसली तर मात्र सगळं फेकून द्या, वरचा थर काढून खाऊ नका.

तडक फ्रीजमध्ये ठेवा. तिथेही ते हळूहळू आंबट होतच राहतं, म्हणून आठवड्यात संपवा. परत गरम करू नका, जिवाणू मरतील. इन्युलिनची सवय नसेल तर सुरुवातीला अर्धी वाटीच खा, नाहीतर पोट गुडगुडेल. आणि याच दह्याचं विरजण पुन्हा पुन्हा वापरू नका. दोन-तीन खेपांत जोरदार जिवाणू बाकीच्यांना मागे टाकतात आणि ज्या प्रोबायोटिकसाठी हा खटाटोप केला, त्याचं प्रमाण घटत जातं.