राजीनाम्याआधीचे महिने

एचआरमध्ये आले तेव्हा माणसं टिकवणं म्हणजे राजीनामा आला की धावपळ करणं, असाच माझा समज होता. पहिल्याच वर्षी एका अनुभवी टेस्टरला पगार वाढवून थांबवलं. तिनं राजीनामा मागे घेतला, माझं कौतुकही झालं. पाच महिन्यांनी ती गेलीच. शेवटच्या दिवशी म्हणाली, "पैशांचं मी बोललेच नव्हते. दोन वर्षं तेच काम करतेय, हे टीम लीडना तीनदा सांगितलं होतं." तिचं ते सांगणं लीडपाशीच राहिलं होतं. आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

नंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांची १९५९ मधली मांडणी वाचली. सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून त्यांनी म्हटलं, की पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असली की माणूस नाराज होतो. पण ती दूर झाली म्हणून कामात रमतोच असं नाही. रमायला काम जमल्याचं समाधान, दखल, जबाबदारी आणि पुढे जाण्याची वाट लागते. या मांडणीवर टीकाही झाली: चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो, बिघडलं की परिस्थितीला दोष देतो, मग मुलाखतीत असंच उत्तर येणार. टीका मला पटते. तरी समोरची तक्रार कोणत्या खान्यातली आहे, हे ओळखायला ही मांडणी रोज उपयोगी पडते. पगारच कमी असेल, तर मात्र कौतुकानं भागत नाही.

अॅट्रिशनचा, म्हणजे माणसं सोडून जाण्याच्या प्रमाणाचा, हिशेब सोपा आहे. वर्षभरात सोडून गेलेले भागिले सरासरी कर्मचारीसंख्या, गुणिले १००. ५० पैकी १० गेले, तर २० टक्के. नवख्यांनी एवढ्यावर थांबू नये. त्या दहांपैकी सहा जण जॉइन झाल्यापासून तीन महिन्यांतच गेले असतील, तर आधी भरती तपासा: मुलाखतीत सांगितलेलं काम आणि हाती आलेलं काम एकच होतं का? सहाही एकाच टीममधले असतील, तर त्या मॅनेजरशी बोलायला हवं.

आता मी वर्षातून दोनदा प्रत्येकाशी अर्धा तास बोलते. ॲप्रेझलपासून लांबच्या तारखा धरते, कारण पगारवाढ समोर असताना कुणी मोकळं बोलत नाही. विचारते: गेल्या महिन्यात कोणतं काम करताना वेळ कळला नाही? काय शिकायचं राहून जातंय? सोडून जायचा विचार शेवटचा कधी आला? तिसऱ्या प्रश्नावर बरेचदा शांतता पसरते. ती भरून काढायची घाई करू नका.

आणि विचारलंत, तर दोन आठवड्यांत उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट द्या. उत्तर दिलं नाही, तर पुढच्या खेपेला "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकायला मिळतं.