इव्हेंट मॅनेजमेंट शिकताना या चुका टाळा: मिनिटं, वीज, गर्दी आणि परवाने

इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेली मुलं पहिल्या नोकरीत बहुतेकदा एकाच जागी अडतात. थीम छान सुचते, प्रेझेंटेशन देखणं होतं. पण ‘याला मिनिटं किती, किलोवॅट किती, गेट किती फुटांचं?’ असं विचारलं की गप्प होतात. हे आकडे वर्गात शिकवायलाच हवेत. तिथे मिळत नसतील, तर इंटर्नशिपमध्ये मागून घ्यावे लागतात.

कोर्स निवडताना

सेलिब्रिटींसोबतचे फोटो पाहून प्रवेश घेऊ नका. प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल, ते आधी विचारा. ‘विद्यापीठाशी संलग्न’ असं सांगितलं, तर त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः शोधा. पदवी देणारं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, हेही पाहा. खासगी संस्थेचा डिप्लोमा कामाचा असू शकतो, पण पदवी लागते तिथे तो चालत नाही. दुसरा प्रश्न साइटवरच्या कामाचा. सगळ्या कार्यक्रमांना मुलांना फक्त गेटवर रिस्टबँड बांधायला उभं करत असतील, तर ते शिक्षण नव्हे, फुकटची मजुरी आहे. नोंदणी, बॅकस्टेज, कलाकारांची व्यवस्था आणि प्रॉडक्शन, या चारही ठिकाणी आळीपाळीने काम मिळायला हवं.

रनशीट अंदाजाने लिहिणं

आपल्याकडे कार्यक्रम लांबतो तो भाषणांइतकाच सत्कारांमुळे. नवखा माणूस रनशीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटवार क्रमपत्रकात, लिहितो: ‘१२ मान्यवरांचा सत्कार, ५ मिनिटं.’ प्रत्यक्षात नाव पुकारलं जातं, पाहुणे चौथ्या रांगेतून उठतात, पायऱ्या चढतात, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग फोटो. एका सत्काराला सव्वा मिनिट सहज जातं, म्हणजे बारांना पंधरा मिनिटं. कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच दहा मिनिटं उशीर.

उपाय अवघड नाही. सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेत, पायऱ्यांच्या बाजूला, पुकारण्याच्या क्रमानेच बसवा. एकाचा सत्कार सुरू असताना पुढचे पायरीपाशी उभे असले पाहिजेत. त्यासाठी एक माणूस तिथेच नेमा. तबकं दोन ठेवा, एक मंचावर असताना दुसरं विंगेत भरलं जाईल. अशाने एक सत्कार पाऊण मिनिटात होतो.

रनशीटमध्ये ‘६:०० दीपप्रज्वलन’ एवढीच ओळ पुरत नाही. सुरुवातीची वेळ, लागणारी मिनिटं, मंचावर कोण, कोणता माइक, स्क्रीनवर काय, संगीत कोणतं आणि जबाबदार कोण, एवढे रकाने हवेत. दीपप्रज्वलनाच्या ओळीत काडेपेटी आणि तेल कोण पाहणार, तेही लिहा. मैदानावर वारा असेल तर समईला आडोसा लागतो. प्रत्येक प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक आणि वेळ टाका, नाहीतर साउंडवाल्याकडे दुपारची प्रत आणि निवेदिकेकडे रात्रीची, असा गोंधळ होतो.

उभारणीचं वेळापत्रक मागून पुढे मांडा. सहाचा कार्यक्रम, साडेपाचला प्रेक्षक आत, तर साउंड चेक चारला संपला पाहिजे. आधी ट्रस (लाइट्स टांगायचा धातूचा सांगाडा), मग त्यावर लाइट्स आणि एलईडी स्क्रीन, मग साउंड, शेवटी कार्पेट आणि फुलं. डेकोरेटरला आधी बोलावलं की ट्रस उचलताना फुलं तुडवली जातात आणि दोन व्हेंडर भांडत बसतात.

केव्हीए म्हणजे किलोवॅट समजणं

ही चूक मधल्या फळीतले लोकही करतात. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात, प्रत्यक्ष वापरता येणारी वीज किलोवॅटमध्ये; या दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. लाइट्स, साउंड, एलईडी स्क्रीन आणि कूलर मिळून लोड ४० किलोवॅट आला, म्हणून ४० केव्हीएचा जनरेटर मागवला, तर ०.८ पॉवर फॅक्टर धरून तो ३२ किलोवॅटच देतो. ४० भागिले ०.८ म्हणजे ५० केव्हीए. जनरेटर पूर्ण क्षमतेवर चालवायचा नसतो. तीन चतुर्थांश लोड धरला तर साधारण ६७ केव्हीए लागतात, म्हणून ६२.५ न घेता ८२.५ केव्हीएचा सेट घ्या.

एवढं करूनही एमसीबी (जादा वीज ओढली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल, तर बहुधा सगळा लोड एकाच फेजवर, म्हणजे विजेच्या तीन लाइनींपैकी एकीवर, गेलेला असतो. इलेक्ट्रिशियनला तिन्ही फेजचा अँपिअर मोजायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. स्पीकरमधून घरघर येत असेल, तर साउंड आणि लाइट्सची लाइन वेगळी केली आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, ते तपासा. मिक्सर, एलईडीचा प्रोसेसर आणि लॅपटॉप यूपीएसवरच हवेत. चेंजओव्हरच्या, म्हणजे मुख्य विजेवरून जनरेटरवर जाण्याच्या, क्षणभरात डिजिटल मिक्सर बंद पडला, तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत सभागृहात शांतता.

बाहेर पडण्याची वाट न मोजणं

आसनक्षमता सगळे विचारतात, गेटची रुंदी कोणी मोजत नाही. ब्रिटनच्या क्रीडांगण-सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि जिन्यावर ६६ माणसं धरतात. २,००० प्रेक्षकांसाठी दोन-दोन मीटरची दोन गेटं असतील आणि त्यातलं एक बंद पडलं, तर रिकामं व्हायला बारा मिनिटं लागतात. तिसरं तसंच गेट असेल, तर एक बंद पडूनही सहा मिनिटांत काम होतं. गेटसमोर खाण्याचा स्टॉल किंवा सेल्फी पॉइंट लावू देऊ नका.

उन्हाचाही हिशेब करा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या खुल्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली. मार्च ते मे दुपारचा खुला कार्यक्रम घेऊच नये. घ्यावाच लागला तर प्रेक्षकांवर मांडव हवा, फक्त मंचावर नको.

परवाने आणि पैसे

रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागी लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे असं गृहीत न धरता जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वाचा. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवताना ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि गीत-संगीताचा वेगळा. एकच परवाना घेऊन निश्चिंत होऊ नका. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, हॉटेलच्या नववर्ष पार्टीला नाही.

कोटेशनवर ‘जीएसटी वेगळा’ असं स्पष्ट लिहा. ‘पाच लाखांत सगळं’ म्हणालात, तर १८ टक्के जीएसटी वजा जाता हाती ४,२३,७२९ रुपयेच उरतात.

सर्टिफिकेटची घाई

आंतरराष्ट्रीय सीएमपी (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल) परीक्षेसाठी सर्वसाधारण वाटेने ३६ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, म्हणून कोर्स संपताच तिच्या तयारीचे महागडे वर्ग लावू नका. त्याआधी प्रत्येक कार्यक्रमाची अंतिम रनशीट, लेआउट, लोडचा तक्ता आणि परवान्यांची यादी, क्लायंटचं नाव व दर काढून आणि कंपनीच्या परवानगीने, एका फाइलमध्ये जमवा. मुलाखतीला जाताना फोटोंच्या अल्बमऐवजी ती फाइल न्या.